नसलेल्या माणसाची तक्रार

३ फेब्रुवारी

घर चालवणाऱ्या काकांना,

नमस्कार. तुमचं पार्सल काल मिळालं. माझा भाऊ जाऊन तीन आठवडे झाले आणि त्याच्या वस्तू म्हणून तुम्ही मला काय पाठवलंत, ते तुम्हीच वाचा. एक लाल स्वेटर, ज्यात माझ्या भावासारखे दोघे आरामात मावतील. एक बायकी रुमाल. चार मोजे, चारही वेगवेगळे. आणि एक पायजमा, ज्याच्या नाडीला कोणीतरी घड्याळाची किल्ली बांधून ठेवलीय. यातलं एकही त्याचं नाही. मी जन्मभर पडदे शिवत आले, काका, माझ्या हातचा टाका मला डोळे मिटूनही कळतो. त्याचा तपकिरी स्वेटर मी विणला होता. कोपराचं ठिगळही मीच लावलेलं. तो कुठाय?

आता दुसरं. त्याच्यासाठी एक नीटनेटकी सभा व्हायला हवी. एखादा रविवार ठरवा. मी त्याचा फोटो मोठा करून घेतलाय. ज्या डॉक्टरांनी आई गेल्यावर त्याला तुमच्या घरी जागा मिळवून दिली, ते दोन शब्द बोलायला तयार आहेत. मीही थोडं लिहून ठेवलंय. किती शांत होता, किती गुणी होता, कोणाला उलट म्हणून बोलला नाही, असं.

आणि एक विनंती. सभेत त्याला मुकादम म्हणू नका. आमच्या घरी तो धाकट्या होता. बुद्धीनं शेवटपर्यंत लहानच राहिला बिचारा, तो कोणावर मुकादमी करणार? तुमच्या माणसांनी थट्टेनं नाव ठेवलं असेल, पण फोटोसमोर थट्टा नको.

लाल स्वेटर परत पाठवतेय. टपालखर्च माझ्याच डोक्यावर.

धाकट्याची ताई


९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पार्सलबद्दल माफी मागतो. लाल स्वेटर आमच्या रेडिओबाईंचा. सकाळी डोळे उघडल्यापासून त्यांचं बोलणं सुरू होतं, म्हणून हे नाव. स्वेटर नव्हता तेव्हा चार दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पायजमा इंजिनियरचा. तो कधी कॉलेजात गेलेला नाही, पण घरातली एकही वस्तू त्यानं उघडून बघायची सोडलेली नाही.

कपड्यांचा हा घोळ तुमचा भाऊ नाही म्हणून आहे. इथल्या सगळ्यांचे कपडे तोच धुवायचा, वाळवायचा, घडी घालून ज्याच्या त्याच्या पलंगावर ठेवायचा. चुका तोही करायचा. पण कोणी म्हटलं, हा शर्ट माझा नाही, तर कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "तुझाच आहे, घाल." आणि तो माणूस घालायचा. आता तुम्हीच सांगा, मुकादम नाही तर काय म्हणणार? गेले चार आठवडे मी माझ्याच घरात कोणाची तरी बनियन घालून फिरतोय.

सभेचं म्हणाल, तर तिथे आमचं घोडं अडलंय. नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आमच्याकडे दर शनिवारी पाच वाजता, चहा झाला की, तक्रारीची बैठक असते. खिडकीजवळ एक हाताची खुर्ची आहे. ज्याच्यावर तक्रार, त्यानं तिथे बसायचं. तक्रार करणाऱ्यानं उभं राहून तोंडावर सांगायचं. खुर्चीतल्यानं मध्ये बोलायचं नाही. शेवटी एकच शब्द म्हणायचा, "ऐकलं." की विषय संपला. लिहून काही ठेवत नाही. बैठकीबाहेर तक्रार सांगायची नाही, ती चहाडी. आणि समोर नसलेल्या माणसाची तक्रार घ्यायची नाही. हे नियम मी यायच्या आधीपासूनचे आहेत आणि ते पाळून घेणारा सगळ्यांत कडक माणूस मुकादम.

कोणी गेलं, की त्याची एक शेवटची बैठक होते. त्याच्याविषयी ज्याला जे खुपलं ते सांगायचं. आता तो स्वतः नसतो, म्हणून त्याच्या घरचं माणूस त्या खुर्चीत बसतं आणि त्याच्या वतीनं "ऐकलं" म्हणतं. मागे आमचे बागवाले आजोबा गेले तेव्हा त्यांचे भाऊ येऊन बसले होते. मुकादमला तुमच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा तुम्ही एका शनिवारी यावं आणि खुर्चीत बसावं, अशी सगळ्यांच्या वतीनं विनंती.

फोटो जरूर आणा. भाषणाचं मात्र बघा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसलं बोलणं इथे कोणाला जमत नाही.

तुमचा,
काका


१५ फेब्रुवारी

काका,

ऐकावं ते नवलच. माझ्या भावाला तुम्ही म्हैस म्हणालात ते मी एक वेळ सोडून देईन. तुमचा हेतू वाईट नसावा. पण पत्रातलं पुढचं मी तीनदा वाचलं.

म्हणजे मी बस बदलत इतक्या लांबून यायचं, एका खुर्चीत बसायचं, आणि तुमची माणसं एकेक करून उभी राहून माझ्या मेलेल्या भावाचे दोष मला सांगणार. मी मध्ये बोलायचं नाही. आणि वर म्हणायचं, ऐकलं. अहो, दुकानात गिऱ्हाईक पडद्याच्या चुण्यांवरून चार शब्द बोललं तरी मला उत्तर द्यायची मुभा असते.

त्यानं कोणाचं काय वाईट केलं होतं? लहानपणी गल्लीतली पोरं त्याला चिडवायची तेव्हा मी हातात मोजपट्टी घेऊन त्यांच्या मागे धावलेय. तो असा आहे, तो तसा आहे, हे ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. शाळेनं ऐकवलं, नातेवाइकांनी ऐकवलं, शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकवलं. आता तो गेल्यावरही ऐकायचं? तेही तुमच्याकडून?

रविवार ठरवून कळवा. खुर्चीत मी बसणार नाही. तपकिरी स्वेटरबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

म्हशीबद्दल हात जोडतो. माझी जीभ आधी चालते, डोकं मागाहून येतं. पण बाकीच्याबद्दल मलाही थोडं बोलू द्या, कारण मी आता मेटाकुटीला आलोय.

स्वेटर मी पाठवू शकत नाही. तो मुकादमच्या खोलीत आहे, आणि खोली उघडता येत नाही. इंजिनियरनं दाराची मूठ काढून खिशात घातलीय. विचारलं तर म्हणतो, "बैठक झाली की लावतो." समजावलं, रागावलो, बिस्किटांचा पुडा दाखवला. पुडा घेतला, मूठ दिली नाही. तुमच्या पार्सलचं म्हणूनच असं झालं. दोरीवर जे वाळत होतं त्यातून अंदाजानं उचललं.

बैठक होत नाही तोवर मुकादम गेला असं इथे कोणी धरतच नाही. त्याची कामं वाटून घ्यायला कोणी तयार नाही. कपडे टबात कुजताहेत. ते बघून आमच्या आत्या, म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या रहिवासी, तोंडाला पदर लावून बसतात आणि म्हणतात, "मुकादम येऊन बोलेल हां." टेबलावर त्याचं ताट मांडतात. मी उचलतो, त्या परत मांडतात. रेडिओबाई दिवसातून दहादा विचारतात, ताईंचं पत्र आलं का, काय लिहिलंय, येणार का. काय सांगू? तुम्ही आमच्यावर चिडल्या आहात म्हणून?

शिवाय संस्थेच्या कचेरीतून खोलीसाठी तगादा आहे. एक तरुण मुलगा रांगेत आहे. त्याचे वडील आजारी आहेत आणि दर दोन दिवसांनी फोन करतात, खोली कधी मिळेल? त्यांना काय सांगू, दाराची मूठ एका माणसाच्या खिशात आहे?

तुम्ही लिहिलंत, तो असा आहे तसा आहे हे ऐकण्यात आयुष्य गेलं. खरं असेल. पण ताई, ते लोक तो असा आहे म्हणून त्याला बाहेर काढत होते. इथली तक्रार तशी नसते. मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा सहा महिने माझ्यावर कोणी एकही तक्रार केली नाही. मी आपला खुशीत, की बघा, काय उत्तम काम करतोय. मग एका शनिवारी मुकादमनं मला बोट दाखवून खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "काका जेवताना आवाज करतो." नंतर कळलं, पाहुण्याची तक्रार इथे करत नाहीत. त्या दिवशी मी या घरचा झालो.

तुमचा भाऊ शांत होता, गुणी होता, हे भाषण ऐकून ही माणसं एकमेकांकडे बघत बसतील, की हे कोणाबद्दल चाललंय. कृपा करून या.

काका


२ मार्च

काका,

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. आज एक पडदा उलटा शिवला, उसवला, परत उलटाच शिवला, तेव्हा म्हटलं, काय आहे ते एकदाचं लिहून टाकावं.

तुम्ही म्हणता तो तुमच्या घरचा होता. असेल. तेच तर माझं दुखणं आहे. तक्रारच हवी ना तुम्हाला? मग माझी घ्या.

शनिवारी माझं दुकान अर्धा दिवस असतं. महिन्यातून एक शनिवार मी त्याच्याकडे यायचे, इतकी वर्षं, पाऊस असो नाहीतर अंग दुखत असो. बाराच्या बसनं निघायचं, अडीचला पोचायचं. आम्ही बसायचो, तो मला कपड्यांच्या घड्या दाखवायचा, मी त्याची नखं कापायचे. आणि चार वाजले, की हा उठायचा. माझ्या हातातला कप अर्धा असला तरी काढून घ्यायचा. माझी पिशवी आणायचा, चपला दारात सरळ करून ठेवायचा, आणि म्हणायचा, "चला ताई. चार." एक दिवस चुकला नाही. एकदा मला ताप होता, मी म्हटलं थोडी पडते रे, तर पिशवी माझ्या अंगावर ठेवून उभा राहिला. नंतरची बस सहाला असते. मी थांबू शकले असते. त्यानं कधी थांबू दिलं नाही.

बसमध्ये बसले की मी दर वेळी रडायचे. लाजायचं काय त्यात आता? ज्याला अंघोळ घातली, घास भरवला, तो मला पाहुणीसारखी हाकलतो. मनात यायचं, नवी माणसं मिळाली, आता जुनी बहीण कशाला? तुमच्या घरानं त्याला काही शिकवलंय असंही मनात यायचं. शेवटच्या वेळी आले तेव्हाही हेच. चार वाजले, पिशवी हातात. तेव्हा मला माहीत होतं का, की ही शेवटची खेप? माहीत असतं तर मी दाराला धरून बसले असते.

ही माझी तक्रार. वाचून दाखवा तुमच्या बैठकीत. त्याच्या खुर्चीकडे बघून वाचा. आणि "ऐकलं" कोण म्हणतो ते मला कळवा.

ताई


७ मार्च

ताई,

पत्र वाचून मी बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो. तुमची तक्रार मी वाचून दाखवू शकत नाही. कागदावरची तक्रार चालत नाही, तोंडानंच सांगावी लागते. तुम्ही म्हणाल, हा माणूस नियमांचा दगड आहे. म्हणा.

एवढं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्यावर एक तक्रार पडून आहे. मुकादमचीच. मी इथे आलो त्याच्याही आधीपासून तो दर शनिवारी उठून ती मांडायचा, आणि दर शनिवारी त्याला सांगावं लागायचं, ताई समोर नाही, घेता येत नाही. तो बसायचा. पुढच्या शनिवारी परत उठायचा. काय तक्रार ते मला सांगता येत नाही. एकदा तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला दारापाशी गाठून सांगायला निघालो होतो. त्यानं ते हेरलं, आणि पुढचा आठवडाभर माझे कपडे धुतले नाहीत. म्हणाला, "काका चहाडी करतो." आता तो नाही म्हणून मी त्याचा शब्द मोडावा, असं मला वाटत नाही.

येत्या शनिवारी या. चारला उठू नका. पाचपर्यंत थांबा, एवढंच.

काका


११ मार्च

काका,

येते. पण मी भांडायला येतेय हे ध्यानात असू द्या. माझ्यावर तक्रार? त्याची? जिनं दर महिन्याला दोन-दोन बस बदलल्या तिच्यावर? बघतेच काय ते. फोटो आणतेय, भाषण नाही. पिशवी मी माझ्याजवळच ठेवणार, कोणाला हात लावू देणार नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

नीट पोचलात ना? तुम्ही रविवारी सकाळी गेलात तेव्हा मी पुन्हा मशीनचं पाणी उपसत होतो, धड निरोपही घेता आला नाही.

माझं नशीब बघा. महिनाभर ज्या बैठकीसाठी मी तुमच्या हातापाया पडलो, तीच मला अर्धी मिळाली. सुरुवात ऐकली. रेडिओबाईंची तक्रार, की मुकादम त्यांना कपडे वाळत घालताना बोलू द्यायचा नाही. माझी झाली. इंजिनियर उठला आणि म्हणाला, मुकादम कपडे धुण्याचं मशीन उघडू द्यायचा नाही. आणि त्याच वेळी मागून पाणी वाहत आलं, कारण आता अडवणारा नाही म्हटल्यावर यानं सकाळीच मशीन उघडून ठेवलं होतं. मी तिकडे धावलो. नळ बंद करून, लादी पुसून, ओल्या पायजम्यानं परत येतो तो सगळे गप्प. रेडिओबाईसुद्धा गप्प. तुम्ही खुर्चीत, पिशवी मांडीवर, डोळे लाल. आत्या तुमच्या पाठीवरून हात फिरवताहेत. इंजिनियर दाराला मूठ बसवतोय.

मी सगळ्यांना विचारलं काय झालं. सगळ्यांचं एकच उत्तर, "तू नव्हतास." या माणसांना नियम शिकवणाऱ्याला काय म्हणावं. मुकादमची तक्रार काय होती ते मला ठाऊक आहे, दर शनिवारी ऐकलीय. पण तुम्ही काय म्हणालात, आणि सगळे असे का बसले होते? तुम्ही तुमच्याबद्दलचं तुम्ही सांगितलंत तर ती चहाडी होणार नाही, एवढा मी नियमांचा अभ्यास केलाय.

काका


२५ मार्च

काका,

सांगते. पण आधी माझा राग ऐकून घ्या, कारण तो अजून उतरलेला नाही.

तुम्ही पाण्याकडे पळालात आणि रेडिओबाई पुन्हा उठल्या. मला वाटलं यांचं अजून राहिलंय. त्या म्हणाल्या, "आता मुकादमची तक्रार. ताईवर. आज ताई आहे." आणि अगदी त्याच्यासारखे कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई लवकर जाते. चारला जाते. बैठकीला थांबत नाही. जेवायला थांबत नाही. ताई लवकर जाते."

मी खुर्चीतून उठले. नियम गेला चुलीत. म्हटलं, मी जाते? मी? तोच पिशवी आणून द्यायचा, तोच कप ओढून घ्यायचा, तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मी ओरडले, काका. फोटो भिंतीला टेकवला होता तो पडला. सगळे दचकले, इंजिनियर कानांवर हात ठेवून बसला. आणि तुमच्या आत्या, त्यांनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. बोटांनी पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "तूच सांगितलंस. पहिल्या दिवशी. दारात."

मी म्हटलं, काय सांगितलं?

त्या म्हणाल्या, "चार वाजले की मला हाकल रे बाबा. नाहीतर माझा पाय निघायचा नाही."

काका, मी म्हटलं होतं. शब्दन्शब्द असंच म्हटलं होतं. त्याला तुमच्याकडे सोडायला आले तो दिवस. पिशवीतून त्याचे कपडे काढून कपाटात लावले, पलंगाची चादर नीट केली, परत चादर नीट केली. चारची बस होती आणि माझ्यानं निघवेना. तेव्हा दारात त्याच्या गालाला हात लावून म्हटलं होतं. आपण बोलतो तसं. कोण लक्षात ठेवतं असलं बोलणं? मी तर रस्त्याला लागेपर्यंत विसरले असेन. आणि त्यानं ते काम म्हणून घेतलं. ताईनं सांगितलेलं काम. ताप असला तरी करायचं, कप अर्धा असला तरी करायचं. मनात नसलं तरी करायचं. आणि मी गेले की तासाभरानं तुमच्या बैठकीत उठून सांगायचं, की ताई लवकर जाते.

मला हाकलायचा तोच, आणि मी गेले म्हणून रुसायचा तोच. आणि मी बसमध्ये रडायचे.

आता तुमच्यावरचा राग. तुम्हाला ठाऊक होतं. एवढी वर्षं दर शनिवारी तुमच्या कानावर पडत होतं, की या माणसाला बहीण थांबायला हवीय. एक ओळ लिहायची होतीत. एक शब्द. मी दुकान बंद ठेवलं असतं, रात्रीची राहिले असते, बैठक म्हणाल तर रोज बसले असते. चहाडी म्हणे. तुमच्या नियमाला आग लागो. आणि त्याच्यावरही राग आहे. अरे गाढवा, मला म्हणायचं होतंस ना, थांब. आणि स्वतःवर तर असा आहे, की शिवणयंत्राची सुई या आठवड्यात दोनदा मोडली. कोणावर काढू? ज्याच्यावर काढायचा तो नाही, आणि नसलेल्या माणसाची तक्रार तुम्ही घेत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना काही माझं रडणं नको होतं. त्यांना तो एक शब्द हवा होता. मला तो म्हणता येईना. म्हटलं, एकदा म्हटला की संपलं, विषय परत काढायचा नाही, आणि मला तो एवढ्यात संपवायचा नव्हता. रेडिओबाई पुटपुटल्या, "म्हण ना, ताई. मुकादम उभा आहे." तेव्हा म्हटलं. ऐकलं. आधी त्याच्या तक्रारीला माझ्याकडून. मग तुम्हा सगळ्यांच्या तक्रारींना त्याच्याकडून. तुम्ही आलात ते त्याच्यानंतर.

आणखी एक. त्या दिवशी चार वाजले तेव्हा मी घड्याळाकडेच बघत होते. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते ना, भांडायला आलेली. चार झाले, सव्वाचार झाले. कोणी उठलं नाही. कोणी कप ओढला नाही. मला इतकं विचित्र वाटलं, काका, की मीच उठून दारापर्यंत गेले आणि चपला सरळ करून परत येऊन बसले.

स्वेटर घेऊन आले. बाह्या आत घेऊन घडी घातलेली आहे, त्याच्या हातची. अजून मोडवली नाही. तसाच शिवणयंत्राशेजारी ठेवलाय. त्या नव्या मुलाला खोली मिळाली का? त्याच्या वडिलांना म्हणावं, पोराला सोडताना दारात जपून बोला.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुमचा राग ऐकला. नियमानं एवढंच म्हणायचं असतं, आणि त्यापेक्षा जास्त काही म्हणावं असं तोंडही मला नाही.

मुलगा परवा आला. त्याचे वडील दारात बराच वेळ उभे होते. मी तुमचा निरोप सांगितला. त्यांना तो कळला नसावा, पण ते काहीही न बोलता गेले. मुलगा अजून कोणाशी बोलत नाही. कपडे धुण्याचं काम सध्या रेडिओबाईंनी घेतलंय. सगळं घर निळं झालंय, बेडशीटसकट, कारण कोणाची तरी निळी पँट सगळ्यात पडली. विचारलं तर कमरेवर हात ठेवून म्हणतात, "तुझंच आहे, घाल." फोटो कपड्यांच्या खोलीत लावलाय. दिवाणखान्यात लावला होता, तर इंजिनियरनं चौकट उघडली.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या शनिवारच्या बैठकीत आत्या उठल्या. मागोमाग रेडिओबाई. मग इंजिनियर. तिघांचीही एकेक तक्रार. तिन्ही तुमच्यावर. काय ते तुम्हाला कळवता येत नाही, तुम्ही समोर नव्हता. मी तसं सांगितलं, आणि तिघं बसले. पण त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतं, की पुढच्या शनिवारी परत उठणार.

तेव्हा या. बैठक पाचला असते. तुमच्यासाठी अंथरूण घालून ठेवलंय. निळं आहे.

काका